उतारवयाची शुश्रूषा आणि पेढीचा ताळेबंद

व्यापारी घरात गोदामातील माल विम्याशिवाय राहत नाही, मालवाहू गाडी विम्याशिवाय रस्त्यावर उतरत नाही आणि उधारीची वसुली थकली तर तिची नोंद दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी निकालात काढली जाते. मात्र घरातील वडील किंवा आई पाच-सात वर्षे अंथरुणाला खिळली, तर तो खर्च कोणत्या खात्यातून करावयाचा, याची नोंद फारच थोड्या पेढ्यांच्या वह्यांत आढळते. 'मुले आहेत, सुना आहेत, देवाच्या दयेने कशाला कमी नाही' एवढ्यावर विषय मिटतो. कमी नसते हे बहुधा खरे असते. परंतु जे असते ते कोणाच्या नावावर आहे आणि गरजेच्या महिन्यात ते हाताशी येईल काय, हा प्रश्न निराळा आहे.

जैन परंपरेने वैयावृत्त्याला, म्हणजे रुग्ण व वृद्ध साधुजनांच्या सेवेला, सहा अंतरंग तपांत स्थान दिले आणि चार दानांत औषधदान गणले. मुंबईच्या भुलेश्वर भागात वृद्ध व अपंग जनावरांसाठी पांजरापोळ १८३४ साली उभी राहिली, तीत जैन व्यापाऱ्यांचा पुढाकार होता. म्हाताऱ्या बैलाच्या चाऱ्याची कायमस्वरूपी तजवीज करण्याची दूरदृष्टी ज्या समाजाला दोनशे वर्षांपूर्वी होती, त्याच समाजातील अनेक घरांत आजीच्या शुश्रूषेचा खर्च मात्र ऐनवेळी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, दोन भावांच्या कुजबुजीतून ठरतो.

खर्चाचे खरे स्वरूप

आपल्याकडे 'नर्सिंग होम' ही पाटी बहुधा प्रसूतिगृहावर किंवा लहान शस्त्रक्रिया रुग्णालयावर असते. येथे विचार करावयाचा आहे तो त्यानंतरच्या काळाचा. पक्षाघाताचा झटका येऊन गेला, खुब्याचे हाड जोडले गेले, डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगितले. आणि मग सुरू होतो तो काळ. दिवसाची व रात्रीची अशा दोन पाळ्यांतील मदतनीस, फिजिओथेरपी, डायपर, नळीवाटे आहार, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी. घरात उचलणारे हात कमी असतील तर दीर्घकालीन काळजी केंद्र. विस्मृतीच्या आजारात तर शरीर धडधाकट राहते आणि काळजीची वर्षे आणखी वाढतात.

मोठ्या शहरात या सर्वांचा मिळून महिन्याला पन्नास हजार रुपये खर्च येतो असे केवळ हिशेबासाठी धरले आणि तो दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढेल असे मानले, तर पाच वर्षांत सुमारे ३५ लाख रुपये लागतात. पती-पत्नी दोघांवरही ती वेळ आली तर ही रक्कम दुप्पट होते. येथे अनेकांचा भरवसा मेडिक्लेमवर असतो आणि तेथेच पहिली निराशा पदरी येते. आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे व नंतरचे काही ठरावीक दिवस तो सांभाळतो. केवळ आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे यासाठी वर्षानुवर्षे लागणारा माणूस त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न घालता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेतून वय वंदना कार्ड मिळू लागले आहे. कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असलेले हे कार्ड, खासगी पॉलिसी असली तरी, काढून ठेवणे शहाणपणाचे आहे. पण तेही रुग्णालयातील उपचारांपुरतेच. घरातील शुश्रूषेचा खर्च शेवटी स्वतःच्याच पैशातून करावा लागतो.

भांडवल कागदावर, घर तारणात

मग तो पैसा कोठे आहे? सामान्य नोकरदाराच्या बाबतीत उत्तर सोपे असते: निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, ठेवी. व्यापाऱ्याची संपत्ती बहुधा धंद्यात गुंतलेली असते आणि येथेच खरी गुंतागुंत आहे.

एक उदाहरण घ्यावे. शहात्तर वर्षांचे गृहस्थ, मार्केट यार्डात भुसार मालाची अडत, दोन मुलांसह तिघांची भागीदारी. वडिलांच्या भांडवल खात्यावर साठ लाख जमा दिसतात. पेढी त्यावर व्याज लावते, तेही खात्यातच जमा होते आणि वडील घरखर्चापुरती उचल करतात. राहते घर वडिलांच्या नावावर आहे, परंतु पेढीच्या कॅश क्रेडिटसाठी ते बँकेकडे तारण आहे आणि वडिलांची वैयक्तिक हमीही आहे. वरकरणी हे गृहस्थ कोट्यधीश आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या साठ लाखांची डाळ-साखर झालेली आहे आणि ती उधारीवर गेलेली आहे. घर विकता येत नाही, त्यावर दुसरे कर्ज मिळत नाही. उद्या महिन्याला पन्नास हजार लागले, तर ते त्यांच्या हक्काच्या पैशातून न येता मुलांच्या सवडीने येतील. मुले चांगली असली तरी मंदीच्या वर्षी सवड नसते.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ या बाबतीत स्पष्ट आहे. भागीदार जोवर भागीदार आहे तोवर पेढीच्या देण्यांसाठी तो संयुक्तपणे व वैयक्तिकपणेही जबाबदार राहतो. त्याची खासगी मालमत्ताही त्या जबाबदारीतून सुटत नाही. निवृत्त झाल्यावरही जाहीर सूचना दिली जाईपर्यंत तिऱ्हाइतांच्या दृष्टीने ती जबाबदारी चालूच राहते. निवृत्त भागीदाराचा हिशेब चुकता न करता इतरांनी धंदा पुढे चालवला, तर विरुद्ध करार नसल्यास, त्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्यातील वाटा किंवा वार्षिक सहा टक्के व्याज यांपैकी एक निवडण्याचा हक्क त्याला आहे. सहा टक्के! ज्या पेढीत बाराने व्याज लावण्याची रीत आहे, तेथे करारपत्रात एक ओळ घालण्याचा आळस किती महाग पडतो, हे यावरून दिसते.

म्हणून पासष्ट ते सत्तर या वयात, प्रकृती उत्तम असताना, भागीदारीचे करारपत्र पुन्हा लिहून घ्यावे. वडिलांची निवृत्ती कोणत्या तारखेस, भांडवल किती हप्त्यांत परत, थकीत रकमेवर व्याज किती, हे त्यात यावे. परतफेड सुरू होताच ती रक्कम पेढीबाहेर, दोघांच्या स्वतंत्र नावावर जावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीस ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात, अलीकडच्या ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीस ६१,५०० रुपये व्याज मिळते. पती व पत्नी दोघांनी आपापल्या पैशातून पूर्ण रक्कम भरली तर सरासरी महिन्याला ४१,००० रुपये कोणाकडे न मागता घरात येतात. व्याज करपात्र आहे हे खरे. पण धंद्याच्या चढउताराशी त्याचा संबंध नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

हमीचेही तसेच. चालू हमी पुढील व्यवहारांपुरती, धनकोस सूचना देऊन, रद्द करण्याची तरतूद करार अधिनियमात आहे. व्यवहारात बँक त्याबदली दुसरा हमीदार किंवा दुसरे तारण मागते, तेव्हा मुलांनी स्वतःचे सदनिका-दुकान पुढे करण्याची तयारी ठेवावी. आई-वडिलांचे राहते घर तारणातून मोकळे करणे ही मुलांनी करावयाची पहिली सेवा मानली तर वावगे ठरणार नाही, कारण थकबाकी झाली की सरफेसी कायद्याखाली बँक त्या घराचा ताबा दिवाणी दाव्याशिवाय घेऊ शकते. मोकळे घर असेल, ते स्वकष्टार्जित असेल, तर साठीनंतर त्यावर रिव्हर्स मॉर्गेजचा पर्यायही खुला राहतो: बँक हप्त्याहप्त्याने पैसे देते, घर सोडावे लागत नाही आणि परतफेड सामान्यतः दोघांच्या हयातीनंतर होते. व्यापारी समाजात हा मार्ग अप्रतिष्ठेचा समजला जातो. मुलांपुढे हात पसरणे त्याहून प्रतिष्ठेचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आईचा हिस्सा

वडिलांच्या मागे आई राहते, बहुधा दहा-पंधरा वर्षे, आणि दीर्घ शुश्रूषेची गरज पुष्कळदा तिलाच लागते. तरीही सर्वांत कमी विचार तिच्याच पैशाचा होतो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील गेले आणि मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी असतील, तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा असतो. वडिलांची आई हयात असेल तर पाचवा वाटा तिचा. अविभक्त कुटुंबाची वाटणी पिता-पुत्रांत होते, तेव्हा आपल्याकडील परंपरागत कायद्याने पत्नीसही मुलाएवढा हिस्सा आहे. आईला मिळालेला वारसा ही तिची पूर्ण मालकी असते.

प्रत्यक्षात काय होते? बाराव्या-तेराव्यानंतर दोन महिन्यांत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एक हक्कसोडपत्र नोंदले जाते. बहीण सही करते, आईही सही करते. 'बाई, तुला कशाला हवे नावावर, सगळे तुझेच तर आहे.' त्या सहीनंतर कायद्याच्या दृष्टीने तिचे काहीच उरत नाही. दुसरा प्रकार मृत्युपत्राचा: घर मुलांना, पत्नीस हयातीपर्यंत राहण्याचा हक्क. हे लिहिणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु राहण्याचा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. त्यातून मदतनिसाचा पगार निघत नाही. पत्नीच्या नावे घराचा पूर्ण हिस्सा अथवा त्याऐवजी पुरेशी रोख रक्कम व ठेवी ठेवणारे मृत्युपत्र तिला अधिक उपयोगी पडते. मृत्युपत्रास दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक आहे, तरी वादाची शक्यता पाहता ती करून घ्यावी.

वारसनोंदीविषयीही एक समज दूर व्हावयास हवा. ठेव किंवा समभागांवर ज्याचे नाव नामनिर्देशित असते, तोच मालक होतो असे नाही; तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारतो. समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. तेव्हा मृत्युपत्र आणि नामनिर्देशन यांत एकवाक्यता ठेवावी.

हयातीत दिलेले घर

कर वाचावा, मृत्यूनंतर भांडणे नकोत, म्हणून हयातीतच बक्षीसपत्र करण्याकडे कल वाढला आहे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुले, नातवंडे किंवा जोडीदाराला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये असल्याने हा मार्ग स्वस्तही वाटतो. पण दिलेले परत घेणे सोपे नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम २३ने एक संरक्षण दिले आहे. मूलभूत सोयी व शारीरिक गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण देणाऱ्याच्या इच्छेनुसार रद्द ठरवता येते. अडचण 'अट' या शब्दात आहे. अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्यप्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात, मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलेले सांभाळाचे वचन ग्राह्य धरून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले आणि कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावला. तरीही निकालाच्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा बक्षीसपत्रातच निवास, अन्न, औषधोपचार व शुश्रूषेचा खर्च यांची अट स्पष्ट शब्दांत लिहिणे केव्हाही श्रेयस्कर. वकिलास 'एवढे कशाला, घरचेच तर आहेत' असे सांगून हे कलम गाळू नये.

याच कायद्याखाली निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या, अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपत्यहीन ज्येष्ठांना, त्यांची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे, त्या नातेवाइकांकडूनही निर्वाह मागता येतो. भाचे-पुतणे यांनी हे लक्षात ठेवावे. मात्र मूळ अधिनियमातील कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपयांची आहे. शुश्रूषेच्या खर्चापुढे ती किती तोकडी, हे वरच्या हिशेबावरून कळते. न्यायाधिकरण हा शेवटचा दरवाजा आहे, नियोजनाचा पाया नव्हे.

सही थांबते तेव्हा

पैसा नावावर असूनही हाताशी न येण्याचे आणखी एक कारण आहे आणि सुखवस्तू घरांतही ते गाफीलपणे गाठते. वडिलांनी मोठ्या मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवलेले असते. वडिलांची बुद्धी क्षीण झाली, ते कोमात गेले, की घरच्यांना वाटते, आता मुखत्यारपत्र कामास येईल. नेमके तेव्हाच ते निष्फळ होते. करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मालकाची मनःस्थिती स्वस्थ राहिली नाही तर अभिकर्त्याचा अधिकार संपतो. काही परदेशांत अशा अवस्थेतही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते, आपल्याकडे तशी सोय नाही. मग उच्च न्यायालयात याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातील रुग्णांसाठी त्याची कार्यपद्धती आखून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही पत्नी वा मुलांना असे पालक नेमले आहे. पण तोपर्यंत मुदत ठेवी मोडत नाहीत आणि काळजी केंद्राचे बिल थांबत नाही.

यावर साधे उपाय आहेत. ठेवी व बचत खाते 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेला' या पद्धतीने पती-पत्नीच्या किंवा विश्वासू अपत्याच्या संयुक्त नावावर असावे; मुदतीपूर्वी ठेव मोडण्याची लेखी संमती बँकेत आधीच द्यावी. केवळ हात थरथरतो, सही जमत नाही, पण शुद्ध आहे, अशा वेळी बँक दोन साक्षीदारांसमक्ष अंगठा घेऊ शकते आणि सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मालमत्ता मोठी असेल, मुले परगावी किंवा परदेशी असतील, किंवा एखादे अपत्य स्वतःच दिव्यांग असेल, तर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खाली खासगी न्यास करावा. त्यात ज्येष्ठ स्वतःच लाभार्थी राहतात, विश्वस्त ठरलेल्या कामासाठी पैसे देतात आणि बुद्धी गेली तरी न्यास चालू राहतो. धार्मिक विश्वस्तनिधी सांभाळण्याचा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे, त्यांना ही कल्पना अवघड वाटू नये.

उपचार आणि व्रत

कृत्रिम श्वास किती काळ, पुन्हा पुन्हा अतिदक्षता विभाग हवा काय, हे प्रश्न पैशाचेही आहेत आणि धर्माचेही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे उपचारांविषयीच्या पूर्वनिर्देशाला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. शुद्धीत असलेल्या प्रौढ व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करावयाचे असते. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल, त्यांची नावेही त्यात देता येतात.

याची संथाऱ्याशी गल्लत होऊ नये. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा दंडनीय ठरवला, त्यास त्याच वर्षी ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. संथारा हा व्रताचा, गुरुआज्ञेचा विषय आहे. पूर्वनिर्देश हा रुग्णालयातील यंत्रांविषयीचा कागद आहे. परंतु ज्या श्रावकाच्या मनात अंतसमयी शांतता व नवकार असावा अशी इच्छा आहे, त्याने ती मुलांना तोंडी सांगून थांबू नये. दोन मुलांची मते भिन्न असली की डॉक्टर लेखी कागद मागतात.

काळजी केंद्राशी करार

शेवटी केंद्र निवडण्याची वेळ आलीच, तर भिंतींच्या रंगापेक्षा करारपत्र वाचावे. अनामत रक्कम किती, परत कधी, रुग्ण महिन्याच्या मध्यात रुग्णालयात गेल्यास खाटेचे भाडे चालू राहते काय, दर कोणत्या सूचनेने वाढतात, रात्री परिचारिका असते की केवळ मदतनीस. वैद्यकीय शुश्रूषा देत असल्याचे सांगणाऱ्या केंद्राकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील नोंदणी आहे काय, हे विचारण्यास संकोच वाटू नये. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने त्रुटींबद्दल ग्राहक आयोगाकडेही जाता येते, म्हणून प्रत्येक पावती जपावी.

जैन रुग्णासाठी करारास एक जोडपत्र हवे, कारण जे रुग्णाला बोलता येत नाही ते कागदाला बोलावे लागते. कंदमूळ वर्ज्य, अंडी कोणत्याही रूपात नकोत, पाणी गाळून उकळलेले. नळीवाटे द्यावयाच्या तयार आहाराचे घटक आधी तपासावेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी अथवा वनस्पतिजन्य आवरण मिळेल काय, हे डॉक्टरांना विचारावे. चौविहार करणाऱ्या आजींच्या रात्रीच्या औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी आणता येतात काय, तेही डॉक्टरांशीच ठरवावे, आणि जी औषधे रात्रीच घेणे भाग आहे त्यांविषयी आजी शुद्धीत असतानाच गुरुमहाराजांकडून सूट घेऊन ठेवावी. हे जोडपत्र केंद्राच्या व्यवस्थापकाबरोबर स्वयंपाकघरातील आचाऱ्याला आणि दोन्ही पाळ्यांच्या मदतनिसांनाही द्यावे. मराठीत, ठळक अक्षरांत, एका पानात मावेल एवढे.